दोन रेल्वे, एक जिना

दादर सोडून लोकल दक्षिणेकडे निघाली की मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचे रूळ एकमेकांना खेटून धावतात. पुढचं स्टेशन दोघींचं शेजारी शेजारी आहे. मध्य रेल्वेवर ते परळ. पश्चिम रेल्वेवर २०१८ पर्यंत ते एल्फिन्स्टन रोड होतं, आता प्रभादेवी आहे. दोन्हीकडे फक्त स्लो गाड्या थांबतात. फास्ट गाडीतल्या माणसाला खिडकीतून एक पाटी दिसते, एक पूल दिसतो, आणि स्टेशन मागे पडतं.

मुंबईच्या स्टेशनांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा इंजिनांच्या नावांत, तोफांच्या सलामीत आणि घुमटांच्या कोरीव कामात रमतो. परळ-एल्फिन्स्टनला घुमट नाही. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या भागात कामाला येणारी माणसं कशी यायची? शंभर वर्षं ती चालत आली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती गाडीने यायला लागली, आणि स्टेशन मात्र चालत येणाऱ्यांच्या काळात होतं तेवढंच राहिलं. २०१७ साली तेवीस माणसं एका जिन्यावर मेली, त्याचं मूळ इथे आहे.

आधी रुळांची गोष्ट. १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ती परळच्या बाजूनेच. गुजरातेतून खाली येणारी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत पोचली. जीआयपी आणि बीबीसीआय या लंडनमध्ये भागधारक असलेल्या दोन स्वतंत्र कंपन्या होत्या. त्यांची कचेरी वेगळी, तिकीट वेगळं, वेळापत्रक वेगळं. मुंबईची जमीन चिंचोळी असल्यामुळे दोघींना एकाच पट्ट्यातून जावं लागलं, पण जवळून गेल्या म्हणून त्यांनी एकत्र स्टेशन बांधलं नाही. ज्याने त्याने आपापल्या रुळांपुरते फलाट बांधले. दोन्ही कंपन्या पुढे सरकारच्या झाल्या आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम रेल्वे जन्माला आल्या, तरी परळला दोन मालकांची दोन घरं ती तशीच राहिली. मधली भिंत कुणी पाडली नाही. त्यांना जोडणारा पूल हीच काय ती एकमेव सामाईक जागा, आणि सामाईक जागेची काळजी कशी घेतली जाते ते चाळीत राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

एल्फिन्स्टन हे नाव १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. एल्फिन्स्टन कॉलेज ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्याचा काका. दोघांची गल्लत नेहमी होते. पेशवाई बुडताना पुण्यात रेसिडेंट असलेला तो काका, आणि मुंबईत पहिली गाडी सुटली त्या वर्षी गादीवर आलेला हा पुतण्या.

गव्हर्नरांचा परळशी खरोखरच घरचा संबंध होता. त्यांचा बंगलाच परळला होता. पोर्तुगीज पाद्र्यांच्या जुन्या वास्तूचं इंग्रजांनी गव्हर्नमेंट हाऊस केलं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कोटाच्या गजबजाटापासून दूर, ताडामाडांच्या हवेत राहायचं ते परळला, अशी साहेबलोकांची रीत होती. हे ऐकून आज कुणाचा विश्वास बसणार नाही. गिरण्यांची धुराडी वर चढू लागली, वस्ती दाटली, साथी येऊ लागल्या आणि १८८०च्या दशकात गव्हर्नरने बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलवलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याच्यावरची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ साली याच रिकाम्या बंगल्यात आली. ती हाफकिन संस्था अजून तिथेच आहे.

गव्हर्नर गेला आणि परळ कामगारांचं झालं. जीआयपीने इंजिनांच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना परळला उभा केला, बीबीसीआयचा डब्यांचा कारखाना लोअर परळला आला. ताडदेवला कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली होती. तिच्यामागून गिरण्यांची रांग उत्तरेकडे सरकत सरकत भायखळा, लालबाग, परळ, नायगाव, वरळीपर्यंत पसरली. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या आसपासच एल्फिन्स्टन मिल आणि ज्युपिटर मिल. थोडं खाली फिनिक्स, कमला, मफतलाल. या सगळ्या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडलं, आणि ते गावच होतं.

गाव म्हणण्याचं कारण असं, की तिथली माणसं कामापासून हाकेच्या अंतरावर राहत. गिरणीचा भोंगा हे त्यांचं घड्याळ. सकाळची पाळी सातला लागायची. पहिला भोंगा उठवण्यासाठी, दुसरा निघण्यासाठी, आणि तिसरा व्हायच्या आत फाटकातून आत जायचं. नाहीतर खाडा पडायचा आणि त्या दिवसाचं काम दारात उभ्या असलेल्या बदलीवाल्याला मिळायचं. बदलीवाल्याचं तर रोजचंच असं. फाटकाशी उभं राहायचं, कामावर घेणाऱ्या जॉबरची नजर पडली तर साचा मिळायचा, नाही पडली तर परत खोलीवर. पाळीला जाऊन पोचणं ज्याच्या पोटाशी बांधलेलं आहे त्याला गाडीच्या भरवशावर लांब राहून चालत नव्हतं. म्हणून तो गिरणीच्या सावलीत राहिला. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरहून आलेली माणसं एकेका गावाच्या नावाने खोली घेत. एका खोलीत वीस-वीस जण. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. जेवण खानावळवालीकडे. त्या खानावळवाल्या बहुतेक गिरणी कामगारांच्याच बायका. सावकाराच्या कचाट्यातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच वस्तीत.

सरकारनेही कामगारांची घरं गिरण्यांना लागूनच बांधली. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला चाळी उठवल्या. त्याच बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला, भिंती मात्र तुरुंगासारख्या जाड. या चाळींमधून माणूस निघाला की दहा-पंधरा मिनिटांत फाटकावर. गिरणीच्या सुट्टीत घरून डबा आणून देणारी पोरं दिसायची, इतकं सगळं जवळ.

म्हणूनच परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्टेशनं लहान राहिली, आणि लहान राहूनही त्यांचं भागलं. लाखो कामगारांच्या या वस्तीला रोज गाडीत चढायची गरजच नव्हती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची पहिली गाडी व्हीटी ते कुर्ला धावली, १९२८ साली कुलाबा-बोरिवली मार्गावर वीज आली, गाड्यांचा वेग वाढला, उपनगरं फुगू लागली. ते सगळं उपनगरांत राहून फोर्टात कारकुनी करणाऱ्यांसाठी होतं. त्यांच्या गाड्या परळवरून धडधडत जायच्या. परळला उतरायचे ते रेल्वे कारखान्यातले कामगार, काही गिरणीतले कारकून आणि मास्तर, आणि इस्पितळात आलेली माणसं.

इस्पितळांबद्दल थांबून सांगायला हवं, कारण परळच्या स्टेशनावर उतरणारी एक रांग कधीच आटली नाही. १९२६ साली केईएम सुरू झालं. त्याच्या आगेमागे वाडियांची प्रसूतीची आणि मुलांची रुग्णालयं उभी राहिली. १९४१ साली टाटा मेमोरियल आलं. सिंधुदुर्गातला, यवतमाळचा, बिहारमधला, बंगालमधला पेशंट परळला उतरतो तेव्हा त्याच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, रिपोर्टांची गुंडाळी, केसपेपर आणि एक पाण्याची बाटली. बरोबरचा नातेवाईक पुढे जिना चढतो, वर जाऊन वळून बघतो, आणि परत चार पायऱ्या खाली येतो. असा माणूस पुलावर सावकाश चालतो. मागची गर्दी त्याच्यासाठी थांबू शकत नाही, आणि तो घाई करू शकत नाही. पूल किती रुंद असावा हे ठरवताना याचा हिशेब धरायला हवा होता. तो कुणी धरल्याचं त्या जिन्यांवर दिसत नाही.

गिरणगावाने मुंबईला नुसतं कापड दिलं नाही. १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्यातून गिरणी कामगार युनियन आणि डांग्यांसारखे पुढारी उभे राहिले. १९३० साली जीआयपी रेल्वेच्या कामगारांनी संप पुकारला, तेव्हा गिरणी आणि रेल्वे कारखाना या दोन जगांमध्ये फार अंतर नव्हतं. एकाच चाळीत एक भाऊ साच्यावर आणि दुसरा वर्कशॉपात. परळच्या कामगार मैदानावर सभा व्हायच्या. दामोदर नाट्यगृहात कामगारांचीच नाटकं व्हायची, आणि नट पाळी संपवून रंग लावायला बसायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांच्या मागे उभी राहिली ती हीच वस्ती. हे सगळं पायी चालण्याच्या अंतरात घडलं, म्हणून घडू शकलं. सभा सुटल्यावर कुणाला शेवटची गाडी पकडायची नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मागणी पगारवाढीची, बोनसची, बदलीवाल्यांना कायम करण्याची. आणि १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातून सुटण्याची. त्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिला होता. कामगारांचा त्या संघावर विश्वास उरला नव्हता, पण कायद्याच्या नजरेत कामगारांचा आवाज तोच होता. सरकार हटलं नाही. मालकांना घाई नव्हती. माल पडून होता, यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून मिळत होतं, आणि गिरण्यांखालची जमीन दर वर्षी महाग होत होती. हा संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला.

संपाचे महिने सरले तशी माणसं गावी गेली. पहिल्यांदा वाटलं, पेरणी करून परत येऊ. मग भांडी विकली गेली, मंगळसूत्रं गहाण पडली, पोरांच्या शाळा सुटल्या. गिरण्या परत सुरू झाल्या तेव्हा लाखभर लोकांना आत घेतलंच नाही. पुढच्या वर्षांत एकेक गिरणी आजारी म्हणून जाहीर होत गेली. ज्यांना चार पैसे देणी म्हणून मिळाले त्यांनी ते घेऊन मुंबईबाहेर जागा बघितली, कारण परळ आता परवडणारं नव्हतं. डोंबिवली, कल्याण, बदलापूर. पश्चिमेला नालासोपारा, विरार. एका पिढीत गिरणगाव रुळांच्या टोकाला जाऊन बसलं.

इथे स्टेशनाच्या इतिहासाचा खरा सांधा बदलतो.

१९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी ५८ क्रमांकाचा नियम आला. जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. कागदावर हा नियम न्याय्य होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न होता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच होईल, असा तिचा अर्थ निघाला. गिरणीचं आवार बहुतेक बांधकामानेच भरलेलं असतं. शहराच्या वाट्याला आलेल्या बागा, शाळा आणि घरं एका शब्दरचनेत गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली ती वाचवण्याचा मार्ग दाखवला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्या लिलावात काढल्या. ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली, एल्फिन्स्टन मिल ४४१ कोटी ७५ लाखांना. आज दोन्ही जागांवर काचेचे ऑफिस-टॉवर उभे आहेत. फिनिक्समध्ये आधी बोलिंग अ‍ॅली आली, मग मॉल.

माझं म्हणणं इतकंच नाही की गिरण्या गेल्या आणि वाईट झालं. कापडाचा धंदा बदलत होता, आणि जुन्या यंत्रांवर तो कायम तसाच चालला असता असं कुणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. पण एका गिरणीच्या जागी जेव्हा ऑफिसांचा टॉवर येतो तेव्हा नुसती इमारत बदलत नाही, तिथे माणूस पोचण्याची रीत बदलते. गिरणीतला माणूस डिलाईल रोडहून चालत येत होता. टॉवरमधला माणूस विरारहून, वसईहून, कल्याणहून, ऐरोलीहून येतो. गिरणीत तीन पाळ्या होत्या, त्यामुळे माणसांचा लोंढाही तीनदा वाटला जायचा. ऑफिस एकदाच भरतं, नऊ ते साडेदहाच्या मध्ये, आणि एकदाच सुटतं. पूर्वी सकाळी इथे चढणारे-उतरणारे मोजकेच असत. आता सकाळी इथे उतरणाऱ्यांची गर्दी झाली, आणि उतरणारी गर्दी ही चढणाऱ्या गर्दीपेक्षा पुलाला जास्त जड पडते. चढणारे एकेक करून येतात, उतरणारे एका मिनिटात हजाराने जिन्याशी येतात.

त्यातही परळची अडचण दुहेरी. सेनापती बापट मार्गावरची ऑफिसं पश्चिमेला. कल्याण-ठाण्याहून आलेला कर्मचारी परळला उतरून पूल ओलांडून पश्चिमेला जाणार. विरार-बोरिवलीहून केईएमला किंवा टाटाला आलेला पेशंट एल्फिन्स्टनला उतरून तोच पूल ओलांडून पूर्वेला येणार. दोन लोंढे समोरासमोर, एकाच अरुंद पुलावर, आणि पश्चिमेच्या बाजूला खाली उतरायला एक जिना. त्या जिन्यावर सकाळी उभा राहिलेला माणूस पायाने चालत नसे, मागच्याच्या रेट्याने खाली सरकत असे. प्रवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. खासदारांनी पत्रं लिहिली. नवा रुंद पूल मंजूरही झाला, दीड-दोन वर्षं झाली, आणि जागेवर काम उभं राहिलं नाही.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. खंडेनवमी. गिरण्या होत्या तेव्हा नवमी-दसऱ्याला साच्यांना झेंडूच्या माळा पडायच्या, खात्यात नारळ फुटायचा, कामगारांची बायकापोरं गिरणी बघायला आत यायची. आता झेंडू दादर-एल्फिन्स्टनच्या फुलबाजारातून टोपल्या आणि गाठोडी भरून घरोघरी आणि दुकानांत जात होता. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी साडेदहाच्या सुमाराला अचानक जोराचा पाऊस आला. छत्री कुणाकडे नव्हती, कारण सप्टेंबर संपत आला होता. उतरलेली माणसं जिन्याच्या तोंडाशी, छपराखाली पाऊस थांबायची वाट बघत थबकली. मागून एकापाठोपाठ गाड्या आल्या. पूल भरत गेला. पुढचे हलेनात, मागचे रेटत राहिले. पूल पडला, अशी कुणीतरी ओरड केली. पायरीवर कुणाचा तरी पाय घसरला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. कठड्याला धरून काही जण बाहेरच्या बाजूला लोंबकळले. बाहेरून लोकांनी हात देऊन ओढून काढायचा प्रयत्न केला, पण एकमेकांत अडकलेली माणसं सुटत नव्हती. केईएम चालत पाच-दहा मिनिटांवर. जखमींना तिथेच नेलं. तेवीस जण गेले.

पूल पडला नव्हता. त्या दिवशी कोणतीही गाडी रुळावरून घसरली नव्हती, कोणतीही तार तुटली नव्हती, सिग्नल चुकला नव्हता. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. रेल्वेच्या चौकशीत पावसावर बोट ठेवलं गेलं. पाऊस निमित्त होता हे खरंच. पण मुंबईत पाऊस पडतो ही गोष्ट पूल बांधणाऱ्यांना नवी नसावी. तेवढ्या जिन्याला तेवढी माणसं कशी आणि कुणाच्या परवानगीने आली, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत नव्हता, कारण तो रेल्वेच्या एकट्याच्या हातातला नव्हता. टॉवरला परवानगी महापालिकेची, नियम राज्य सरकारचा, जमिनीचा लिलाव केंद्राच्या महामंडळाचा, फलाट एका रेल्वेचा, शेजारचा दुसऱ्या रेल्वेचा. प्रत्येकाने आपापल्या कागदावर बरोबर सही केली होती.

बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून चौदा जण मेले. गिरणीच्या जमिनीवर जे उभं राहिलं होतं त्यातून बाहेर पडायला वाट पुरेशी नव्हती, हे तीन महिन्यांत दोनदा दिसलं.

पूल मग झाला, आणि तो लष्कराने बांधला. ३१ ऑक्टोबरला मुख्यमंत्री, रेल्वेमंत्री आणि संरक्षणमंत्री जागेवर आले, काम बॉम्बे सॅपर्सकडे सोपवल्याचं जाहीर झालं. करी रोड आणि आंबिवलीच्या पुलांसह परळचा पूल त्यांनी उभा केला, आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. चार महिन्यांच्या आत. सीमेवर नदी ओलांडण्यासाठी बनवलेलं तंत्र वापरून लष्कराने शहरातल्या कर्मचाऱ्यांसाठी पूल बांधावा, याबद्दल त्या वेळी बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. पण जे काम दीड-दोन वर्षं फायलीत होतं ते जागेवर किती दिवसांचं असतं, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. जवळच्या देवीच्या देवळाचं नाव स्टेशनला मिळालं ते योग्यच झालं, गव्हर्नर लॉर्डाची आठवण ठेवायचं आपल्याला काही कारण नव्हतं. ३ मार्च २०१९ पासून परळ टर्मिनस झालं. तिथून कल्याणकडे गाड्या सुटू लागल्या, म्हणजे दादरच्या गर्दीत घुसून चढण्याऐवजी परळला बसून निघता येऊ लागलं. नवे पूल आणि जिने वाढले. ज्या दोन रेल्वेंनी दीडशे वर्षं एकमेकांकडे पाठ केली होती त्या इथे जरा वळून बसल्या म्हणायला हरकत नाही.

तरी ताण संपलेला नाही. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी शतकाहून जुना एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला बंद करून पाडायला घेतला. त्याच्यावरून रोज चालत पूर्व-पश्चिम करणारे पुन्हा रेल्वेच्या पादचारी पुलांवर आले, इस्पितळाच्या रांगेसह.

आणि गिरणी कामगार? २०१२ साली त्यांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली. अर्ज करणारे दीड लाखाच्या घरात आहेत, मिळालेली घरं काही हजार. अलीकडे सरकारने बाकीच्यांसाठी शेलू आणि वांगणीची घरं पुढे केली. ती बदलापूरच्याही पलीकडे, कर्जतच्या वाटेवर. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस त्याविरुद्ध आझाद मैदानावर आले. ज्यांच्या आजोबांना गिरणीत पोचायला दहा मिनिटं लागत होती, त्या नातवंडांनी वांगणीहून दोन तास उभं राहून परळला यावं, त्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये हाऊसकीपिंगची किंवा सिक्युरिटीची पाळी करावी, आणि पुन्हा दोन तास उभं राहून परतावं, अशी ही योजना आहे. कामगार मुंबईतच घर मागतात. ती मागणी भावनेची म्हणून बाजूला सारली जाते. मला ती वाहतुकीच्या दृष्टीनेही बरोबर वाटते, कारण परळला चालत येणारा प्रत्येक माणूस पुलावरचा एक माणूस कमी करतो.

मुंबईत टॉवरला परवानगी देताना अग्निशमन दलाचा दाखला मागतात, पाण्याच्या जोडणीचा मागतात, विमानतळ प्राधिकरणाकडून उंचीचा मागतात. इमारतीत रोज किती माणसं येणार, त्यातली किती लोकलने येणार, आणि सगळ्यात जवळच्या स्टेशनाचा जिना त्यांना किती मिनिटांत खाली उतरवू शकतो, याचा दाखला मागत नाहीत. तो मागायला हवा. महापालिका, राज्य सरकार आणि दोन्ही रेल्वे यांनी एका टेबलाशी बसून तो द्यायला हवा, आणि जिन्यात माणसं मावत नसतील तर आधी जिना, मग मजले, असा क्रम कायद्याने बांधून घ्यायला हवा. गिरणगावात अजून जमिनी शिल्लक आहेत, बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत. हा नियम करायला उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही.